रेडिएटर फॅन लवकर लागायला हवा, मदत हवी आहे

वाघबीळकर: गाडीचा रेडिएटर फॅन फार उशिरा लागतो. संध्याकाळी कापूरबावडी सोडलं की घोडबंदर रोडला नुसतं क्लच-ब्रेक. तापमान १०३ ला गेलं की फॅन धाडकन सुरू होतो, विमान उडाल्यासारखा आवाज, ९५ ला आलं की बंद. मग परत तेच. मला तो ९० लाच लागायला हवाय. कुठला सेन्सर बदलू? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो "सगळं नॉर्मल आहे साहेब". शनिवारी लोणावळ्याला जायचंय, जरा लवकर सांगा.

नेरूळ_सेक्टर: गाडी कुठली, साल कुठलं, पेट्रोल की सीएनजी? आणि १०३ कुठे दिसलं? सुईवर तर आकडे नसतात.

जुना८००वाला: सोपं आहे हो. आमच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला थर्मोस्विच होता, ठराविक तापमानाला स्वतःच फॅन लावणारा. कमी तापमानाचा आणून बसवला, काम झालं.

तेलकट_हात: काका, तुमच्या ८०० ला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, नव्हती. इंजेक्शनच्या गाडीत कूलंट सेन्सर नुसतं तापमान कळवतो, फॅन कधी लावायचा ते ईसीयू ठरवते. सेन्सर बदलून आकडा बदलत नाही.

रबाळे_रायडर: सेन्सरच्या वायरला सिरीजमध्ये रेझिस्टर टाका, ईसीयू फसते. यूट्यूबवर आहे.

तेलकट_हात: उलटं होईल! तापलं की त्या सेन्सरचा रोध कमी होतो. सिरीजमध्ये वाढवलात तर ईसीयूला इंजिन आणखी थंड वाटेल आणि फॅन अजून उशिरा लागेल. पॅरललमध्ये टाकला तर लवकर लागेल, पण मग पेट्रोल किती सोडायचं, ठिणगीचं टायमिंग किती, हे सगळं खोट्या तापमानावर चालणार. मी तरी करणार नाही.

कळवा_कॅब: कशाला एवढं? डॅशबोर्डवर टॉगल स्विच. ट्रॅफिक दिसला की खट्. माझ्या गाडीला वर्षानुवर्षं आहे.

नेरूळ_सेक्टर: मधे रिले (मोठा करंट पेलणारा स्विच) आणि फ्यूज आहे ना? फॅनची मोटर भरपूर करंट खेचते, साध्या स्विचवर वायर वितळते. आणि घरचं दुसरं कुणी गाडी घेऊन गेलं की तो स्विच कशाचा, ते कोण सांगणार?

कळवा_कॅब: माझी गाडी दुसरं कुणी चालवतच नाही.

जुना८००वाला: मग थर्मोस्टॅटच (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. आपल्या हवेत लागतो कशाला?

तेलकट_हात: लागतो. काढला तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहते, ॲव्हरेज पडतो. आणि धागाकर्ते, थर्मोस्टॅट साधारण ८२-८८ च्या आसपास उघडायला लागतो. फॅन ९० ला लावलात तर ट्रॅफिकमध्ये तो बंदच होणार नाही.

वाघबीळकर: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनी सांगत नाही, लगेच ब्रँडवरून भांडणं लागतात. आकडा ओबीडीच्या (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला जोडायच्या) ॲपवरचा. सुई मधेच असते. कूलंट भरलेलं आहे. हल्ली सिग्नलला एसीही थंड करत नाही, पण तो वेगळा विषय.

तेलकट_हात: वेगळा कसा? हे आधी सांगायचं! फॅनला दोन स्पीड आहेत का?

वाघबीळकर: मला एकच ऐकू येतो. मोठा.

तेलकट_हात: तिथेच घोळ दिसतोय. बऱ्याच गाड्यांत आधी हळू स्पीड लागतो, त्याचा करंट फॅनच्या चौकटीवरच्या रेझिस्टरमधून जातो. तो जळला की हळू स्पीड गायब. मग तापमान वर गेलं की थेट मोठा. एसी लावला की साधारण हळू स्पीड लागायला हवा. तो नसेल तर उभ्या गाडीत कंडेन्सरला (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला) वाराच मिळत नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि लांबून बघा. हात आत नको, फॅन कधीही फिरतो.

मोरबेचं_पाणी: कूलंट कशाला, मी साधं नळाचं पाणी टाकतो. नवी मुंबईचं पाणी एक नंबर आहे.

नेरूळ_सेक्टर: प्यायला एक नंबर. रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. निम्मं-निम्मं मिश्रण आणि धड झाकण असेल तर ते १२० पर्यंतही उकळत नाही, त्यामुळे १०३ ला घाबरायचं कारण नाही. फक्त गरम असताना झाकण उघडू नका.

मोरबेचं_पाणी: ठाण्यापेक्षा बरं की नाही ते सांगा.

वाघबीळकर: पार्किंगमध्ये एसी लावून बघितलं. बराच वेळ फॅन हललाच नाही, मग एकदम मोठा लागला. रेझिस्टर सुटा मिळतो का?

तेलकट_हात: काही मॉडेल्सना सुटा, काहींना पूर्ण फॅन असेंब्ली गळ्यात मारतात. आधी हळू स्पीडचा फ्यूज आणि रिले तपासून घ्या. मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, सर्व्हिस सेंटरला नको.

कळवा_कॅब: स्विच टाकला असता तर एव्हाना लोणावळ्यात असता.

जुना८००वाला: शनिवारी सकाळी सातच्या आत खालापूर टोल गाठा, नाहीतर घाटात अडकाल.