गेमचे लेखन, मोबदला आणि ‘राजकारण नको’ हा शेरा

मूळ मुद्दा : मुक्त गेम-लेखक, पुणे

गेली सहा वर्षे मी गेम स्टुडिओंसाठी कामागणिक कथा आणि संवाद लिहितो. मागच्या वर्षी एका प्रकल्पात पुढील प्रसंग लिहायचा होता : मजुरी थकल्यामुळे खाणीतले मजूर काम बंद करून बसले आहेत, खेळाडूने त्यांना हुसकावून खाण सुरू करायची आणि मालकाकडून १०० नाणी घ्यायची. मी त्यात आणखी एक वाट लिहिली. खेळाडू मालकाची हिशेबवही शोधून काढतो आणि थकलेली मजुरी चुकती करायला लावतो. ‘गेममध्ये राजकारण नको’ असा शेरा मारून ती वाट काढून टाकण्यात आली. मजुरांना हुसकावणे हे राजकारण नाही आणि त्यांची मजुरी मिळवून देणे मात्र राजकारण आहे, हे मला आजही पटलेले नाही.

त्याच प्रकल्पाचे माझे पैसे पाच महिन्यांनी मिळाले आणि गेमच्या श्रेयनामावलीत माझे नाव नव्हते. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. ज्याची मजुरी थकवता येते, त्याने मजुरीबद्दल काय लिहावे हेही सहज ठरवता येते.

प्रतिसाद : लहान स्टुडिओचा चालक

पैसे थकवणे आणि नाव गाळणे चूकच, त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र आपण ज्याला विचारांची गळचेपी म्हणता, ती बहुतेक वेळा खर्चाची अडचण असते. संवादाची एक नवी वाट म्हणजे केवळ चार पाने मजकूर नव्हे. तिच्यासाठी आवाज ध्वनिमुद्रित करावे लागतात, पात्रांच्या हालचाली कराव्या लागतात, सगळ्या भाषांत अनुवाद करावा लागतो, आणि ती वाट निवडणाऱ्या खेळाडूचा पुढचा खेळ कुठे अडकत नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. गेम बुडाला तर कर्ज माझ्या डोक्यावर राहते, लेखकाचे ठरलेले पैसे त्याला मिळालेले असतात. जोखीम ज्याची, शेवटचा शब्दही त्याचा असावा.

प्रतिसाद : चित्रपटांची संवादलेखिका, मुंबई

जोखमीचा हाच युक्तिवाद आम्ही निर्मात्यांकडून वर्षानुवर्षे ऐकला. तरीही २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटात वापरलेल्या साहित्य व संगीताच्या कर्त्यांना, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा करारात सोडून देता येणार नाही, असे ठरले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्या दुरुस्तीत गेमचा उल्लेख नाही आणि खरी उणीव तिथे आहे.

लेखकाचे एक म्हणणे मात्र मला मान्य नाही. गेममध्ये निर्णय खेळाडू घेतो. हिशेबवहीची वाट जर अशी लिहिली असेल की तीच एकमेव सज्जन वाट ठरावी, तर खेळाडूच्या हाती निवड उरत नाही, केवळ उपदेश उरतो. मालकाचीही काही बाजू असू द्या. मग कोणाला न्याय द्यायचा याचा विचार खेळाडू स्वतः करील.

मूळ लेखकाचे उत्तर

मालकाच्या बाजूबद्दल आपण म्हणता ते मान्य. माझ्या मसुद्यात तो निव्वळ लबाड होता आणि ते लेखन म्हणून कच्चे होते.

खर्चाचा मुद्दाही खरा आहे, पण मग शेऱ्यात ‘खर्च परवडत नाही’ असे लिहायला हवे होते. मी ती वाट दोन संवादांत बसवून दिली असती. आणि जोखमीबद्दल सांगायचे तर पाच महिने मी बिनव्याजी उधारीच दिली होती. सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि पुढे चक्रवाढ व्याज लागते. माझी नोंदणी नव्हती. ती मी आता केली आहे. अमेरिकेत गेमना आवाज देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ ते जून २०२५ असा संप केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत संरक्षण मिळवले, कारण त्यांची संघटना होती. आपल्याकडे मुक्त गेम-लेखकाला दर विचारायला दुसरा लेखकही सापडत नाही. स्टुडिओचालकांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी आपल्या पुढच्या करारात लेखकाच्या श्रेयाचे आणि पैसे देण्याच्या मुदतीचे कलम स्वतःहून घालावे. शेवटचा शब्द कोणाचा, यावर वाद घालायला मी नंतर जरूर येईन.