हायडॅटिडची (कुत्र्याच्या जंतामुळं होणाऱ्या पाण्याच्या गाठीची) रक्ततपासणी निगेटिव्ह, सोनोग्राफीत मात्र गाठ. कशावर विश्वास ठेवायचा?

आटपाडीकर:
नमस्कार मंडळी. आईचं वय ५८. उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून विट्यात सोनोग्राफी केली. यकृतात ७ सेंटिमीटरची पाण्याची गाठ, आत सुटलेला पडदा तरंगतोय, खाली लिहिलंय 'हायडॅटिडची शक्यता'. मग रक्ताची आयजीजी एलायझा केली, तर निगेटिव्ह. सीबीसीत इओसिनोफिलही (जंत झाल्यावर वाढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल. घरात आता दोन तट पडलेत. थोरला भाऊ म्हणतो, रक्तात काही नाही म्हणजे साधं पाणी आहे, इथंच सुईनं काढून घेऊ. मी म्हणतो मिरजेला दाखवू. आमची मेंढरं आहेत, वाड्यावर कुत्री आहेत. जाणकारांनी सांगा.

कृष्णाकाठ:
दुसऱ्या लॅबमधून परत करा. आमच्या पाहुण्यांचे रिपोर्ट दोन ठिकाणी दोन आले होते.

लॅबवाली_ताई:
परत करून फार हाती लागणार नाही. मिरजेत पॅथॉलॉजीत काम करते, हे रिपोर्ट रोज हातातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एलायझा जंत शोधत नाही. शरीरानं जंताविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीत का, एवढंच ती बघते. गाठीचं आवरण शाबूत असेल, आतलं काही बाहेर झिरपत नसेल, तर शरीराला पत्ताच लागत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. फुफ्फुसातल्या गाठीत हे जास्त होतं, पण यकृतातही होतं. चुनखडी धरलेल्या जुन्या गाठींचंही तसंच. इओसिनोफिल तर बऱ्याच पेशंटमध्ये वाढलेलेच नसतात, त्यावर जाऊ नका.

उलटंही घडतं. डुकराच्या पट्टकृमीची बाधा असलेल्याची हायडॅटिड एलायझा पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून शंका असली की इम्युनोब्लॉट ही दुसरी रक्ततपासणी करून खात्री करतात. पूर्वी कातडीत टोचून कसोनीची चाचणी करायचे, ती चुकीचे पॉझिटिव्ह देते म्हणून मागे पडली.

तुमच्याकडे मेंढरं, कुत्री आणि वर तो तरंगता पडदा. एवढं सोनोग्राफीत दिसत असताना निगेटिव्ह रक्तानं गाठ पुसली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अशी गाठ सीई३ए मध्ये, म्हणजे बदलत्या अवस्थेतली हायडॅटिड गाठ म्हणून धरतात.

भावाला सांगा, सुईनं काढतात हे खरं, पण असं कुठंही बसून नाही. आधी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू करतात, गाठीचा पित्तनलिकेशी संबंध आहे का बघतात, पाणी ओढून आत तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल सोडतात आणि पुन्हा ओढतात. पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येते, शिवाय नव्या गाठी उगवतात. भूल आणि आयसीयूची सोय असलेलंच हॉस्पिटल हवं.

आटपाडीकर:
ताई, उपकार झाले. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासू का? आणि औषध झाल्यावर आईचं रक्त परत कधी तपासायचं?

लॅबवाली_ताई:
सगळ्यांचं रक्त नको, पोटाची सोनोग्राफी करा, त्यात जास्त कळतं. आईकडून तुम्हाला लागत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली की लागतं. प्रतिपिंडं उपचारानंतरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, त्यामुळं महिन्या-महिन्याला एलायझा करून पैसे घालवू नका. सोनोग्राफीवरच लक्ष ठेवतात. अल्बेंडाझोल चालू असेपर्यंत मात्र सीबीसी आणि लिव्हर फंक्शन चुकवू नका, आणि गोळी रिकाम्या पोटी नाही, जरा तुपाच्या जेवणाबरोबर.

म्हसवडचा_मेंढपाळ:
आमच्या वाड्यावर जनावराच्या डॉक्टरनं कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध सुरू करून दिलं. कापलेल्या मेंढराच्या काळजात, फोफशात पाण्याचे फुगे दिसले की ते कुत्र्यांपुढं टाकू नका, खोल खड्डा काढून पुरा. जत्रंच्या वेळी कुणी ऐकत नाही, ओरडावं लागतं. मटण खाऊन हे होत न्हाई बरं का, त्याची धास्ती घेऊ नका.

आटपाडीकर:
भावाला हे सगळं वाचून दाखवलं. सोमवारी मिरजेला निघतोय. सोनोग्राफीची फिल्म बरोबर घेऊ की रिपोर्ट पुरे?

लॅबवाली_ताई:
दोन्ही घ्या. तिथले सर्जन फिल्मच मागतात.