सुरूच्या बनातला पातेरा मोजताना वाळूचं काय करायचं?

तेरेखोलकाठ:

नमस्कार. गोव्यात केरीच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. तिथे जमिनीवर साचलेला पातेरा (गळून पडलेला पालापाचोळा) आणि त्यातला कार्बन काढायचा आहे, तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी. हिमालयातल्या चीडच्या (पाइनच्या) जंगलात वापरतात ती पद्धत घेतली, कारण सुरूखालीही तसाच सुयांचा थर असतो. ५० बाय ५० सेंमीची चौकट, आतलं सगळं गोळा करायचं, ७० अंशांवर सुकवायचं, वजन गुणिले ०.३७ म्हणजे कार्बन.

पहिल्या तीन चौकटींचं कोरडं वजन १९०, २८५ आणि ६१० ग्रॅम आलं. म्हणजे हेक्टरी कार्बन २.८, ४.२ आणि ९ टन, आणि तिन्ही जागा ३० मीटरच्या आत! तिसऱ्या पिशवीच्या तळाशी बोटभर वाळू दिसते. चाळावी म्हटलं तर २ मिमीच्या चाळणीतून सुयाही खाली उतरतात. काय करावं? आणि एकूण चौकटी किती घ्याव्यात?

वजनकाटा:

६१० मधला मोठा भाग वाळूचाच असणार. पुढची चौकट टाकण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठरवा: पातेरा कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते. डोळ्यांनी सुईचा तुकडा म्हणून ओळखता येतो तोवर पातेरा, वाळूत कालवलेली काळी भुकटी मातीच्या नमुन्यात. हे दर वेळी आणि दर माणसागणिक बदललं तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

सुरूची सुई हातात घेऊन ओढून बघा, पेरापेरावर तुटते. ते पान नसून बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचे इवलेसे दात. जाडी मिलिमीटरच्या आसपास, म्हणून उभी राहिली की २ मिमीच्या चाळणीतून सरळ निसटते. चाळण आपटू नका, आडवी धरून हलकेच फिरवा. खाली पडेल ते फेकू नका. ते बादलीभर पाण्यात ओता, एकदा ढवळा, तरंगलेलं लगेच गाळून घ्या आणि वरच्या मालात मिळवा. दोन मिनिटांच्या वर भिजू द्यायचं नाही, नाहीतर विरघळणारी द्रव्यं पाण्यात जातात आणि वजन घटतं. अख्खी पिशवी पाण्यात बुडवायची चूक तर अजिबात नको.

एवढं करूनही सुयांना चिकटलेली वाळू राहतेच. तिचा हिशेब राखेतून होतो. सुकवलेला माल दळून एकजीव करा, त्यातले २ ते ५ ग्रॅम क्रूसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या वाटीत) घालून मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या भट्टीत) ५५० अंशांवर चार तास ठेवा, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून तोला. उरलं ते राख आणि वाळू, उडालं ते सेंद्रिय. तापमान त्याच्या वर नेऊ नका. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो जास्त तापला की त्यातला कार्बोनेटचा कार्बनही उडतो आणि तो सेंद्रिय म्हणून मोजला जातो. मालावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का, हे आधी पाहून ठेवा.

समजा ६१० मध्ये राख ६२ टक्के निघाली. सेंद्रिय उरलं सुमारे २३२ ग्रॅम. चौकट पाव चौरस मीटरची, म्हणून गुणिले ४, म्हणजे ९२७ ग्रॅम प्रति चौरस मीटर. १०० ने भागलं की हेक्टरी टन होतात: ९.३. कार्बन त्याच्या निम्मा धरा, ४.६ टन. तुमच्या ९ टनांच्या जवळजवळ अर्धा. ०.३७ हा आयपीसीसीचा (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) ठोकताळा न जाळलेल्या कोरड्या पातेऱ्यासाठी आहे. राख वजा केलेल्या वजनावर तो लावला तर कार्बन उगीच कमी दिसेल.

दळण्याआधी पिशवीतून चिमूट काढलीत तर फसाल. वाळू तळाशी बसते, सुया वर राहतात. माल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा चार करा.

सुकवण्याबद्दल थोडं. ओलं वजन जागेवरच घ्यायचं, पिशवी उन्हात ठेवायची नाही. ओव्हन ६५ ते ७० अंश, सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. साधारण ४८ तास लागतात. कागदी पिशवीसुद्धा ओल धरते, तेव्हा एक रिकामी पिशवी सोबत सुकवून तिचं वजन वजा करा. आपल्याकडच्या दमट हवेत ओव्हनमधून काढलेला माल टेबलावर ठेवून जेवायला गेलात की तो पुन्हा ओल ओढतो.

बोंडं वेगळ्या पिशवीत. मोजायची पातेऱ्यातच, पण एका चौकटीत मूठभर आली की सगळी सरासरी हलते. वेगळी असली तर निदान कारण दिसतं.

चीडवन:

चीडची पद्धत जशीच्या तशी आणू नका. चीडची सुई २० ते ३० सेंमी लांब, तीन-तीनच्या जुडग्यात. चौकटीच्या कडेवरून आरपार गेलेली सुई ओढून आत घेतली तर वजन फुगतं, म्हणून आतल्या कडेने धारदार सुरी फिरवून कापतात. सुरूच्या लांब सुयांनाही हेच लागू आहे, आणि चौकट जितकी लहान तितकी ही चूक मोठी.

तिथे उतार असतो. ३० अंशांच्या उतारावर टेकवलेली १ चौरस मीटरची चौकट आडव्या मापाने ०.८७ चौरस मीटरच भरते. त्याने भागावं लागतं. सुया घसरून खोडाच्या वरच्या बाजूला आणि दगडांमागे साचतात. केरीत हे काम वारा करतो: खळग्यात ढीग, उघड्यावर वाळू. सुया गळण्याचा जोर चीडच्या जंगलात उन्हाळ्यात आणि वणव्यांचा हंगामही तोच, त्यामुळे तारखेशिवाय दिलेल्या आकड्याला अर्थ नसतो. तुम्हीही पावसाआधीचा आणि पावसानंतरचा असे दोन आकडे द्या.

भारतीय वन सर्वेक्षण पानांच्या पातेऱ्यासाठी १ बाय १ मीटर, झुडपं आणि ५ सेंमीहून बारीक काटक्यांसाठी ३ बाय ३, त्याहून जाड मेलेल्या लाकडासाठी ५ बाय ५ असे तुकडे घेतं. जाड फांदी पातेऱ्यात मिसळू नका.

वजनकाटा:

चौकटींच्या संख्येचं राहिलं. तुमच्या तीन आकड्यांत सरासरीच्या ६१ टक्के चढउतार आहे. २० टक्क्यांच्या आत उत्तर हवं तर दोन गुणिले ६१ भागिले २० आणि त्याचा वर्ग, म्हणजे ३७ चौकटी. वाळू वजा केल्यावर चढउतार ४० टक्क्यांवर आला तर १६ पुरतात. म्हणून आधी तिन्ही नमुने जाळून बघा, मग ठरवा. समुद्राकडची कड, मधला पट्टा आणि गावाकडची कड वेगळ्या धरा; रेषा किनाऱ्याला काटकोनात आखा. सगळ्या चौकटी मधल्या सावलीत घेतल्या तर बन श्रीमंत दिसतं.

तेरेखोलकाठ:

देव बरें करूं. एक शंका. हेक्टरी ४ टन आले तर ‘हे बन दरवर्षी ४ टन कार्बन साठवतं’ असं लिहिता येईल का?

वजनकाटा:

नाही, कृपा करून तसं लिहू नका. तो त्या दिवशीचा साठा आहे. वर्षाला किती पडतं ते कळायला १ चौरस मीटरच्या जाळ्या लागतात: १ मिमी भोकांचं नायलॉन, जमिनीपासून वर आणि झोळीसारखं खोल, नाहीतर वारा सुया उडवून नेतो. पंधरवड्याला रिकाम्या करायच्या, पावसात दर आठवड्याला, कारण ओला माल जाळीतच कुजतो. समजा वर्षाला ६ टन पडतात आणि साठा ८ टनांवर स्थिर आहे. तर सुई सरासरी सोळा महिने जमिनीवर राहते आणि जेवढं पडतं तेवढंच कुजतं. अशा वेळी पातेऱ्यातली निव्वळ वाढ शून्य.

हेच काम पुढे मोरजी किंवा गालजीबागला केलंत, तर कासवांच्या हंगामात बनाबाहेरच्या वाळूत खुंट्या ठोकू नका. वनखात्याची परवानगी सगळीकडे आधी घ्या.

आणि चौकट झाडलेल्या किंवा जाळलेल्या जागी पडली तरी ती बाजूला सरकवायची नाही. २० ग्रॅम आले तर २० लिहा, शेजारी ‘झाडलेलं’ अशी नोंद करा.