दहावीचे गणित आणि विज्ञान: शेवटचे आठवडे प्रश्नपत्रिकांना द्यावेत की पाठ्यपुस्तकाला?

धागालेखक (गणित शिक्षक)

पूर्वपरीक्षा आटोपल्यापासून बोर्डाच्या पेपरापर्यंतचा काळ गणित आणि विज्ञान या दोन विषयांपुरता तरी प्रश्नपत्रिका लिहिण्यासाठी राखून ठेवावा, पाठ्यपुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसू नये, असे माझे मत आहे. हा काळ आता फार मोठाही उरलेला नाही, कारण मार्च उजाडण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. 2025 साली परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचे दोन्ही भाग असे चारही पेपर प्रत्येकी 40 गुणांचे आणि दोन तासांचे असतात, म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटे मिळतात. घरी निवांत बसून वर्गसमीकरण सोडवणारा मुलगा ते बरोबर सोडवतोच. पण आकडे उतरवून घेणे, उत्तर पडताळून पाहणे, रचना काढण्यापूर्वी पेन्सिलीला टोक करणे हे सारे त्याच तीन मिनिटांत बसवायचे असते, याची जाणीव घड्याळ लावून पेपर लिहिल्याखेरीज होत नाही.

शिवाय गणिताच्या पेपरात चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे प्रश्न असतात. स्वतःच्या पद्धतीने उदाहरण अचूक सोडवणारी मुलेही तेथे अडखळतात, कारण पायऱ्या दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेल्या असतात आणि त्या मार्गाने चालण्याची सवय सरावानेच लागते. सध्याच्या अभ्यासक्रमावरील पहिली परीक्षा मार्च 2019 मध्ये झाली. 2021 ची परीक्षा करोनामुळे झाली नाही, तरी उरलेल्या वर्षांच्या आणि पुरवणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळून सरावाला भरपूर साहित्य होते.

प्रतिसाद 1 (निवृत्त विज्ञान शिक्षिका)

गणिताबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य असेल, पण विज्ञानाला तोच न्याय लावणे मला मान्य नाही. एक उदाहरण देते. 10 सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 25 सेंमी अंतरावर वस्तू ठेवली आहे, तर प्रतिमा कोठे मिळेल, असा प्रश्न समजा आला. चिन्हसंकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण घेतले की उत्तर सुमारे 16.7 सेंमी येते. घाईत ते धन घेणाऱ्याचे उत्तर 7.1 सेंमी येते, आणि पेपरामागून पेपर लिहिणारी मुले ते उत्तर अधोरेखित करून निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. ज्याने पुस्तकातील किरणाकृती समजून एकदा तरी स्वतःच्या हाताने काढली आहे, त्याला तेथल्या तेथे शंका यायला हवी, कारण वस्तू नाभीय अंतराच्या दुपटीहून लांब असेल तर प्रतिमा 10 आणि 20 सेंमीच्या दरम्यानच पडणार. ही शंका येण्याची क्षमता प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून येत नाही.

दुसरे असे की, विज्ञानाच्या दोन्ही भागांत मिळून वीस प्रकरणे आहेत आणि त्यांतील कोणते वाक्य प्रश्न होऊन येईल हे कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचाला सांगता येत नाही. सजीवांतील जीवनप्रक्रिया किंवा आनुवंशिकता यांसारखी प्रकरणे ओळ न् ओळ वाचूनच अंगवळणी पडतात.

धागालेखक

आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. चिन्हाची ती चूक उघडी पडली कशामुळे? पेपर लिहिल्यामुळे. पुस्तकातील सोडवलेले उदाहरण वाचताना ऋण चिन्ह आयते समोर असते, म्हणून आपल्याला ते येते असा मुलांचा गोड गैरसमज होतो.

प्रतिसाद 1 (निवृत्त विज्ञान शिक्षिका)

चूक उघडी पडली, हे कबूल. पण ती दुरुस्त करायला मूल जाणार कोठे? पुस्तकाकडेच ना? आपल्या वेळापत्रकात त्यासाठी जागा दिसत नाही.

प्रतिसाद 2 (पालक)

वरील दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती अशी की लिहिलेला पेपर कोणीतरी नीट तपासतो. माझ्या मुलीच्या क्लासमध्ये जानेवारीपासून एकाआड एक दिवस पेपर घेतला जात असे. अंतिम उत्तर जुळले की बरोबरची खूण आणि नाही जुळले की फुली, एवढीच तपासणी होई, आणि कित्येक पेपर तर परत मिळालेच नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. सूत्र, किमती घालणे, आकडेमोड आणि एकक यांपैकी आपले गुण नेमके कोठे गळतात हे मुलीला शेवटपर्यंत कळले नाही. अशा सरावापेक्षा तिने तेवढा वेळ पुस्तकातील संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडवून उत्तरे मागच्या पानांवरून ताडून पाहिली असती, तर अधिक बरे झाले असते, असे मला वाटते. शुल्क मात्र या ‘पेपर सराव’ नावाच्या उपक्रमाचे वेगळे आकारले गेले होते!

प्रतिसाद 3 (अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी)

मी गेल्या वर्षी जवळजवळ सर्व वेळ प्रश्नसंचांना दिला आणि गुणही चांगले मिळाले, त्यामुळे धागालेखकांच्या पद्धतीने गुण मिळत नाहीत असे मी म्हणणार नाही. तरीही तिची मर्यादा सांगावीशी वाटते. ‘दोन अंकी संख्यांपैकी 4 ने भाग जाणाऱ्या संख्या किती’ या प्रश्नाचे 22 हे उत्तर आमच्या वर्गात झोपेतून उठवले तरी कोणीही सांगितले असते. सरांनी एकदा ‘100 आणि 200 यांच्या दरम्यान 4 ने भागल्यावर बाकी 1 उरते अशा संख्या किती’ असे विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी पहिले पद 100 घेतले. पहिले पद 101, शेवटचे 197 आणि म्हणून पदे 25, इथपर्यंत पोहोचण्यासाठी श्रेढी म्हणजे काय एवढेच ठाऊक असावे लागते, पण आम्हाला प्रश्नाचा साचा ठाऊक होता. अकरावीत तर साचेच बदलतात.

प्रतिसाद 4 (रात्रशाळेतील शिक्षक)

ही सर्व चर्चा नव्वद टक्क्यांच्या आसपासच्या मुलांविषयी चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. माझ्या वर्गातील मुले दिवसभर काम करून संध्याकाळी शाळेत येतात आणि त्यांचे ध्येय गणितात 100 पैकी 35 गुण मिळवणे हे असते. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण वेगळे असल्यामुळे लेखी 80 पैकी किती लागतील याचा हिशेब ती मुले स्वतःच मांडतात, आणि तो चुकत नाही. अशा मुलासमोर पूर्ण प्रश्नपत्रिका ठेवली, तर पहिल्या अर्ध्या तासात त्याला काय काय येत नाही एवढेच कळते आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत येत नाही.

त्याला मी सांख्यिकी, संभाव्यता आणि भौमितिक रचना ही तीन प्रकरणे पाठ्यपुस्तकातून, सरावसंचांच्या क्रमाने करून घेतो. वारंवारता सारणी मांडून मध्य काढणे हे काम किराणा दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मुलाला अवघड वाटत नाही. वर्तुळाला स्पर्शिका काढण्यासाठी कंपास आणि स्थिर हात पुरतो. ही प्रकरणे पक्की झाल्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांतील तेवढेच प्रश्न निवडून देतो.

धागालेखक

आपल्या वर्गासाठी माझा सल्ला लागू पडणार नाही, हे मान्य. मात्र संपूर्ण प्रश्नपत्रिका टाळण्याबाबत मतभेद राहील. पर्यायी प्रश्नांमधून आपल्याला येणारा प्रश्न निवडणे हे त्या मुलासाठी तर सर्वाधिक मोलाचे कौशल्य आहे, आणि निवडून दिलेल्या प्रश्नांत ते शिकता येत नाही.

प्रतिसाद 4 (रात्रशाळेतील शिक्षक)

ते शिकवण्यासाठी मी पूर्ण पेपर देतो, पण सोडवायला नव्हे. दहा मिनिटांत तो वाचून येणाऱ्या प्रश्नांभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि त्यांच्या गुणांची बेरीज समासात लिहायची, एवढेच काम असते. घड्याळ लावून लिहिणे शेवटच्या आठवड्यात, आणि तेही रविवारी, कारण बाकीचे दिवस त्यांच्या मालकाचे असतात.