पिकअपला मोठे टायर टाकले, आता स्टेपनी ठेवायची कुठे?

दिवेघाट
नमस्कार मंडळी. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, राहायला कोंढवा आणि शेत सासवडच्या पुढे, त्यामुळे घाट ठरलेला. कंपनीचे २५५/६५ आर १७ मापाचे टायर झिजले तेव्हा २८५/७० आर १७ मडटेरेन (चिखलासाठीचे, खोल नक्षीचे) टाकले, गाडी झकास दिसते आणि शेताच्या वाटेवर चिखलात रुतत पण नाही. घोळ पाचव्या टायरचा आहे. गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत बसतच नाही, साखळीने वर ओढला की एका बाजूने अडतो आणि पूर्ण घट्ट न होता लोंबकळत राहतो, म्हणून सध्या हौद्यात आडवा टाकलाय. पण मला ठिबकच्या पाइपची बंडलं, खताच्या गोण्या, सीझनला सीताफळाचे क्रेट असं काय काय न्यायचं असतं आणि हे धूड मधोमध पसरलेलं! रिमसकट चाळीस किलोच्या आसपास जातं. एक जण म्हणतो टपावर कॅरिअर कर, दुसरा म्हणतो मागे बंपरवर लाव, तिसरा म्हणतो जुनी छोटी स्टेपनीच राहू दे. काय करू?

बोहरीआळी
टपाचं आधी डोक्यातून काढा. चाळीस किलो एवढ्या उंचीवर नेऊन ठेवलं की घाटाच्या वळणावर गाडी झुकलेली लगेच कळते, वर रात्री पावसात पंक्चर झालं तर टपावरून उतरवणार कोण?

हौद्यातच ठेवा पण उभी, केबिनला लागून डाव्या कोपऱ्यात. टायर ८३ सेंटिमीटरचा आहे म्हणजे हौद्याच्या कडेच्या वर बराच येणार, मधोमध ठेवलात तर मागची काच झाकली जाईल. भोसरीत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे अँगलचा स्टँड करून मिळतो, रिमच्या मधल्या भोकातून जाड आटेवाला रॉड, बाहेरून प्लेट आणि मोठा नट. खरी मेख खाली आहे. हौद्याचा पत्रा पातळ असतो, नुसतं भोक पाडून बोल्ट मारला तर आपल्या रस्त्यांवर थोड्याच दिवसात भोक लांबट होतं आणि मग पत्रा चिरत जातो. खालून पाच-सहा मिमीची रुंद पट्टी घ्या, जमलं तर बोल्ट आडव्या चॅनेलवर येतील असं बघा, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे), आणि भोकाच्या कडेला रंग मारल्याशिवाय बोल्ट घालू नका नाहीतर गंज तिथूनच सुरू. भोक पाडायच्या आधी खाली वाकून बघा, डिझेलची टाकी आणि ब्रेकची लाइन तिथूनच जाते!!

डिझेलधूर
दादा, हौदा मोकळा हवा असेल तर मागच्या बंपरवर स्विंग आर्म (टायर धरून दारासारखा बाजूला फिरणारा दांडा) हाच उपाय, पण करायचा तर नीट करा. आर्मचा बिजागर बंपरच्या पत्र्यावर नको, चॅसीला जोडलेल्या पाइपवर हवा, आणि बंद केल्यावर दुसऱ्या टोकाला पण टेकू पाहिजे, नाहीतर सगळं वजन एका पिनवर हिंदकळत राहतं आणि मग खड्ड्याखड्ड्याला मागून भांडी वाजल्यासारखा आवाज. वजन मागच्या चाकांच्या पण मागे जातं, त्यामुळे गोण्या भरल्या की मागचे स्प्रिंगचे पाटे जास्त बसतात आणि पुढचं स्टिअरिंग हलकं लागतं. दर वेळी हौद्याचा मागचा फाळका उघडायच्या आधी आर्म फिरवायचा, भाजी मंडईसमोर गाडी लावलेली असताना ते करून बघा मग मजा कळेल.

कलम५२
रंगात भंग करतोय पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. मागे टायर लावून नंबरप्लेट किंवा दिवा झाकला तर पोलिसमामांना शिट्टी मारायला निमित्तच, आणि अपघात झाला तर विमावाला मोठ्या टायरवरून फाटे फोडू शकतो ते वेगळं. वेगाच्या मीटरचं लक्षात आलंय ना? घेर जवळपास ९ टक्के वाढलाय, म्हणजे आधी मीटर बरोबर होता असं धरलं तर तो ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८७ वर असता.

मावळा४x४
छोटी स्टेपनी खाली राहू दे म्हणणारा अगदीच चुकीचा नाही हो. पुणे-सासवड एवढंच असेल तर पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला ती पुरते. फक्त ती मागच्या एक्सलला लावायची नाही. दोन बाजूंना वेगळ्या घेराची चाकं आली की डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) सरळ रस्त्यावर पण सतत फिरत राहतं आणि गरम होतं. मागचं पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे घ्या आणि छोटं पुढे लावा, मेहनत दुप्पट पण डिफ वाचतं. आणि ते चाक असेपर्यंत डांबरावर फोर व्हील टाकायचं नाही म्हणजे नाही, पुढचा-मागचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरवर) येतो. ताम्हिणी, वरंधा असं आडवाटेला जाणार असाल तर मात्र मोठीच न्या, तिथे फोर व्हीलशिवाय निघताच येत नाही कधी कधी.

दिवेघाट
धन्यवाद सगळ्यांना. @मावळा४x४ डिफचं कोणीच बोललं नव्हतं. बहुतेक दोन्ही करतो, छोटी खाली कायमची आणि कोपऱ्यात स्टँड, मोठी फक्त लांब जाताना चढवायची. स्विंग आर्म कॅन्सल, कलम५२ साहेबांनी घाबरवलं :) एकट्याने हे धूड हबवर चढवायची काही युक्ती?

बोहरीआळी
उचलायचं नाहीच. हौद्यातून उतरवताना फाळक्याला जाड फळी लावा आणि बाजूला उभं राहून धरत गडगडत आणा, समोर उभं राहू नका. जॅक एवढाच चढवा की चाक जमिनीपासून बोटभर वर बसेल. मग खाली बसून टॉमी (लोखंडी दांडा) टायरखाली सरकवा, पायाने दाबली की चाक वर येतं आणि दोन्ही हात स्टडला भोकं जुळवायला मोकळे राहतात. स्टँडला कुलूप लागेल अशी कडी आत्ताच वेल्ड करून घ्या, सोसायटीत रात्रभर उघड्यावर उभी राहणार ना गाडी.

डिझेलधूर
आणि रॅचेट बेल्ट लावणार असाल तर उन्हात राहून तो कुजतो, साखळी घ्या.