चांदीच्या हंड्यावरून त्या काळचं चलन कळतं का?

भीमाकाठचा: सोलापुरात जुन्या नाण्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "जमिनीतून चांदीच्या नाण्यांचे हंडे निघतात, म्हणजे तेव्हा बाजार चांदीवर चालायचा." मला पटत नाही. हंड्यात सापडतं ते बाजूला काढून पुरलेलं. मीठ-मिरचीला तांबंच चालायचं. बहमनी, आदिलशाही तांब्याची नाणी बघा, अक्षरं पुसून गुळगुळीत झालेली. साडेअकरा ग्रॅमचा मोगली रुपया घेऊन मिरची आणायला कोण जाणार?

नाणेवेडा सोलापूरकर: थांब बे. मिरचीचं मान्य. पण सारा, फौजेचा पगार, व्यापाऱ्यांची देणी? हंड्यातले सगळे रुपये कोरे नसतात. झिजलेले असतात, सराफांनी पारखून मारलेल्या खुणा असतात, म्हणजे हातोहात फिरलेलेच. आणि औरंगजेबाच्या नावाने खुद्द सोलापुरात रुपये पाडले जात, हे गावात किती जणांना ठाऊक आहे?

भीमाकाठचा: टांकसाळ होती, पण कुणासाठी? 1686 ला विजापूर पडलं. 1695 पासून चारेक वर्षं बादशहाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला. माझ्या मते इथली बरीचशी चांदी लढाईने आणली, बाजाराने नाही.

नाणेवेडा सोलापूरकर: मग लारीचं काय? चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारायचे. मूळ इराणी नाणं, दुसऱ्या अली आदिलशहाने तसंच काढलं. औरंगजेबाने विजापूर घेण्याआधीची गोष्ट ही. दख्खनमध्ये सांगण्यासारखी चांदीची खाण नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात अमेरिकेतली चांदी युरोप, इराण करत कोकणच्या बंदरांत उतरायची. तिला कुठली फौज घेऊन आली?

पेठेतला: दोघांच्याही नजरेतून बट्टा, म्हणजे झिजेपोटी कापली जाणारी किंमत, सुटला. माणूस वजनदार नाणं ठेवतो, झिजकं खपवतो, कारण झिजलेल्यावर सराफ बट्टा कापणार. म्हणून हंड्यातला माल सरासरीपेक्षा बरा निघतो. त्यावरून सगळं चलन तोलू नका. हंड्याचा खरा उपयोग वेगळाच. त्यातलं सगळ्यात अलीकडचं नाणं ज्या सालचं, त्याआधी तो पुरलेला नाही, एवढं पक्कं. पण पुरल्याचं साल जवळपास कळायचं तर हंडा अखंड हाती लागायला हवा.

भीमाकाठचा: तेच तर होत नाही. 1878 चा कायदा सांगतो, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवा. लोक आधी सराफाकडे जातात. चार नाणी वितळली की तुमचं ते 'सगळ्यात अलीकडचं' नाणं त्यातच गेलं नाही कशावरून?

नाणेवेडा सोलापूरकर: म्हणून उरलेल्यांकडेही बघायचं नाही होय?