रुग्णालयाच्या सांडपाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवूनही जिवाणू का उरतात?

प्रश्न:
नमस्कार. एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची देखभाल माझ्याकडे आहे. जाळी, इक्वलायझेशन टाकी (प्रवाह एकसारखा करणारी), वायुवीजन टाकी (हवा सोडून जिवाणूंकरवी घाण कुजवणारी), गाळ बसण्याची टाकी आणि शेवटी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावण, अशी साधीच मांडणी आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) बहुधा मर्यादेत असतो. कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतील दूषितता दाखवणारे जिवाणू, यांची संख्या मात्र मधूनच एकदम वर जाते, आणि तसे झाले की हायपोक्लोराइट वाढवा, एवढीच सूचना मिळते. दोनदा मात्रा दुप्पट केली, तरी उपयोग झाला नाही. शिवाय या पाण्यात उतरणाऱ्या औषधांचे क्लोरीनने काही होते का, हेही समजून घ्यायचे आहे.

उत्तर 1:
आधी क्लोरीन टाकण्यापूर्वीच्या पाण्यातील अमोनिया मोजा. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन बनवतो, आणि क्लोरामाइनची जंतुनाशक शक्ती मुक्त (कशाशीही संयोग न पावलेल्या) क्लोरीनपेक्षा बरीच कमी असते. मात्रा वाढवत गेल्यास एका टप्प्यावर हीच क्लोरामाइन नष्ट होऊ लागतात, त्यामुळे अवशिष्ट (पाण्यात उरलेले एकूण) क्लोरीन वाढण्याऐवजी घटते; अमोनिया-नायट्रोजनच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडल्यानंतरच मुक्त क्लोरीन उरू लागतो. तुमची दुप्पट मात्रा बहुधा याच खळग्यात गेली असावी. पाणी गढूळ असेल तर आणखी एक अडचण येते, कारण गाळाच्या कणांच्या आत दडलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. सामू (pH) 8 च्या वर असेल तर त्याचा प्रभाव आणखी कमी होतो. हायपोक्लोराइटचा साठा उन्हात असतो का, हेही पाहा; उष्णतेने आणि प्रकाशाने त्याची तीव्रता उतरते.

प्रश्नकर्ता:
अमोनिया मोजला. आठवड्यातील इतर दिवशी तो नगण्य असतो, परंतु शस्त्रक्रियागृहाच्या मोठ्या साफसफाईनंतर दोन-तीन दिवस चढलेला राहतो, आणि कोलिफॉर्मचे वाईट निकालही नेमके त्याच दिवसांतले आहेत.

उत्तर 2:
मग दोष शेवटच्या टाकीत नसून वायुवीजन टाकीत आहे. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि साफसफाईत वापरल्या जाणाऱ्या क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील जंतुनाशकांपुढे लवकर हतबल होतात, मग अमोनिया तसाच पुढे जातो. धुण्याचे पाणी एकदम न सोडता वेगळ्या टाकीत साठवून थोडे थोडे आत घ्यावे, आणि जंतुनाशक मापून वापरले जाते की अंदाजाने ओतले जाते, तेही तपासावे. (अंदाजाने, असेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते.)

औषधांच्या बाबतीत एकच एक उत्तर नाही. पॅरासिटामॉल जैविक प्रक्रियेत बऱ्याच अंशी विघटित होते. अपस्मारावरील कार्बामाझेपिन जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पाण्यातून कमी होते खरे, पण त्याचा मोठा भाग गाळाला चिकटलेला असतो. म्हणून गाळाची विल्हेवाट दुय्यम समजू नये, कारण प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आणि कृमींची अंडीही त्यातच साठतात. क्लोरीनने काही औषधांचे रूप बदलते, पण बदलले म्हणजे निरुपद्रवी झाले, असे मानता येत नाही.

उत्तर 3:
त्यात भर घालतो. क्लोरीनऐवजी काही ठिकाणी वापरला जाणारा ओझोन वायू कार्बामाझेपिनसारख्या रेणूंचे विघटन करतो, परंतु क्ष-किरण तपासणीत वापरली जाणारी आयोडीनयुक्त द्रव्ये त्यालाही सहजी जुमानत नाहीत. ही द्रव्ये शरीरात फारशी न बदलता बहुतांशी एका दिवसात लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून तेवढ्या काळापुरती लघवी वेगळी गोळा करणे हा उपाय मला अधिक पटतो, मात्र त्याला रुग्ण आणि परिचारिका या दोघांचे सहकार्य लागते. ओझोननंतर वाळूचा किंवा सक्रिय कार्बनचा थर असावा, अन्यथा अर्धवट तुटलेले रेणू तसेच पुढे जातात. किरणोत्सर्गी आयोडीन 131 ची गोष्ट निराळी आहे: त्याचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ) सुमारे 8 दिवसांचा असून कोणतीही रासायनिक प्रक्रिया त्याचा किरणोत्सर्ग कमी करू शकत नाही, त्यामुळे ते पाणी स्वतंत्र टाकीत थोपवून ठेवावे लागते, 80 दिवसांनी मूळच्या सुमारे एक हजारांश किरणोत्सर्ग उरतो.

तुमच्याकडे मात्र ओझोनयंत्राचा विचार इतक्यात नको. आधी साफसफाईचे पाणी वेगळे करून महिनाभर अमोनियाची नोंद ठेवा, आणि तोपर्यंत हायपोक्लोराइटची मात्रा ठरावीक आकड्यावर न ठेवता 30 मिनिटांनंतर उरणारा मुक्त क्लोरीन मोजून ठरवा.